सापाची पेटी : काम चांगले, पण आधी कागद पाहा

कपाट, दिवाण, किचन ट्रॉली अशी कामे करणाऱ्या आमच्या सुतार बांधवांकडे मोठ्या शहरांत अधूनमधून एक वेगळीच मागणी येते. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवते आणि म्हणते, "मिस्त्री, अशी पेटी हवी. पुढे काच, आत साप राहणार." काही मिस्त्री हसून नाही म्हणतात, तर काही लहान कपाट समजून दर सांगून टाकतात. आमच्या मते दोन्ही चूक. हे काम हाताला चांगला मोबदला देणारे आहे, मात्र त्याची रीत वेगळी आहे आणि त्यात कायद्याचाही प्रश्न आहे.

आधी विचारा, कोणता साप?

आपल्याकडचा नाग, धामण, अजगर किंवा मांडूळ घरात पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. अजगर पहिल्या अनुसूचीत येतो आणि त्या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. गुन्ह्याला जाणूनबुजून मदत करणाराही कायद्याच्या कचाट्यात सापडतो. मांडुळाने धन मिळते या अंधश्रद्धेपायी त्याची चोरटी विक्री चालते. असा कोणी पेटी मागायला आला तर आगाऊ रकमेकडे न पाहता सरळ नकार द्यावा.

परदेशी सापांची गोष्ट वेगळी. शौकीन लोक बहुधा आफ्रिकेतला बॉल पायथन पाळतात. तो आंतरराष्ट्रीय करारातील संरक्षित यादीत असल्याने २०२४ च्या नियमांप्रमाणे मालकाने 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर त्याची नोंदणी करायची असते. ऑर्डर घेताना नोंदणीचा कागद पाहावा आणि त्याची एक प्रत बिलासोबत ठेवावी. ज्याचा व्यवहार साफ आहे तो कागद दाखवायला कुरकुर करणार नाही.

एक अनुभव

आमच्या परिचयाच्या एका मिस्त्रींनी पहिली पेटी उरलेल्या कमर्शियल प्लायची केली आणि स्वयंपाकघरातल्या कपाटासारखे बिजागरीचे दार बसवले. आत पाण्याचे भांडे होते, त्यात पावसाळ्याची दमट हवा. तळ फुगला, दाराला फट पडली आणि साप बाहेर निघाला. दोन दिवसांनी तो वॉशिंग मशीनच्या मागे सापडला. गिऱ्हाइकाने बाकी रक्कम अडवली आणि दुसरी पेटी मिस्त्रींना पदरच्या खर्चाने करून द्यावी लागली. त्यांनी या नुकसानीतून जे शिकून घेतले, ते आम्ही येथे देत आहोत.

माप आणि माल

सापाला पूर्ण लांब होता आले पाहिजे, असे ब्रिटनमधील आरएसपीसीए ही प्राणीकल्याण संस्था सांगते. म्हणून चार फुटांपर्यंतच्या सापाला ४ फूट लांब, २ फूट खोल, २ फूट उंच पेटी धरावी. हिशेब सोपा आहे. १८ मिलिमीटरच्या ८ बाय ४ च्या एका शीटचे ४ बाय २ चे चार तुकडे होतात. तीन तुकड्यांत छत, तळ आणि पाठ निघते. चौथा मधोमध कापला की दोन्ही बाजू तयार. पाठ दोन्ही बाजूंच्या आत बसवायची असल्याने ती लांबीला ३६ मिलिमीटर कमी करावी. करवतीच्या कापात थोडे माप जाते, तेही धरून चालावे. पुढच्या पट्ट्या दुकानातल्या तुकड्यांतून निघतात.

माल आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्यावा. देवदार, पाईन असले उग्र वासाचे लाकूड नको आणि वाळवीचे औषधही नको. आतून पाण्यावर आधारित पॉलीयुरेथेनचे दोन-तीन हात द्यावेत. सांध्यांत मत्स्यालयाला वापरतात तेच सिलिकॉन भरावे. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, पेटी उघडी ठेवावी.

काच, हवा, उष्णता

दार सरकत्या काचेचे करावे. खाली चार इंचांची पट्टी ठेवावी, म्हणजे आतला भुसा बाहेर सांडत नाही. दागिन्यांच्या शोकेसला लावतात तेच कुलूप येथे चालते. हवेसाठी एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर भोके घ्यावीत. त्यांवर गुळगुळीत छिद्रांचा पत्रा लावावा. खरखरीत जाळीवर साप तोंड घासून जखमी होतो. सापाचे डोके जिथून जाईल तिथून तो सगळाच जातो, हे कोणतीही फट ठेवताना ध्यानात असावे.

सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बॉल पायथनला पेटीची एक बाजू सुमारे ३१-३२ अंश आणि दुसरी २५-२६ अंश लागते, म्हणजे तो गरजेप्रमाणे जागा बदलतो. लाकूड ऊब धरून ठेवते हाच या पेटीचा फायदा. पण मे महिन्यात हीच ऊब जीवघेणी ठरू शकते. म्हणून हीटर थर्मोस्टॅटशिवाय कधीही जोडू नये आणि त्याला तारेचा पिंजरा घालावा, नाहीतर साप त्याला वेटोळे घालून भाजतो. जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी.

दर आणि जबाबदारी

प्लाय, काच, चॅनेल, कुलूप, रंग आणि मजुरी वेगवेगळी लिहून कोटेशन द्यावे. वाळवणीचे दिवस मुदतीत धरावेत आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. गिऱ्हाईक घाई करते म्हणून ओल्या वासाची पेटी देऊ नये.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला त्यासाठी अजाब झाला, ही हदीस आपल्या घराघरांत ठाऊक आहे. कोंडलेला जीव तक्रार करू शकत नाही. त्याला अन्नपाणी देण्याची जबाबदारी मालकाची, पण ज्या चार भिंतींत तो राहणार त्या आपल्या हातच्या आहेत. कागद पाहून घेतलेले आणि पक्क्या मालाने केलेले काम हीच हलाल रोजी. अशाच कामात बरकत आहे.