जळके ऑइल गटारात नको
सांगली - वाहनाचे ऑइल बदलल्यावर उरणारे जळके ऑइल गटारात ओतल्यास ते सातारा, सांगली जिल्ह्यांतील ओढ्यानाल्यांतून कृष्णेत पोचते. सांगली शहर याच नदीचे पाणी पिते. तेलाचा तवंग पाण्यात प्राणवायू मिसळू देत नाही. इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू गाळात साचतात. म्हणूनच कायद्याने हे तेल घातक कचरा ठरविले आहे.

ते घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात साठवावे. त्यात पेट्रोल, कूलंट वा पाणी मिसळल्यास पुनर्प्रक्रिया अवघड होते. फिल्टरला भोक पाडून तो १२ तास उलटा निथळत ठेवावा. दोन्ही वस्तू गॅरेजमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकृत प्रक्रियादारांकडेच द्याव्यात. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवरही आहे.