घर तिथंच, जिल्हा बदलला!

शहागडला गोदावरीच्या पुलावर उभे राहा. पाठीमागे जालना जिल्हा, समोर बीड. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, यात काय नवल? पण पाऊलही न उचलता, घरबसल्या जिल्हा बदलला तर?

शहागडात तसं झालंय! तिथं 1945 साली जन्मलेल्या एखाद्या आजींचा हिशोब मांडू या. जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. तीन वर्षांच्या झाल्या आणि 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली. अकराव्या वर्षी, 1956 मध्ये, मराठवाडा मुंबई राज्यात आला. पंधराव्या वर्षी महाराष्ट्र झाला. तोवर जिल्हा मात्र औरंगाबादच. मग 1 मे 1981 ला औरंगाबादचे काही तालुके आणि परभणीचा परतूर तालुका मिळून जालना जिल्हा झाला. शहागडचा अंबड तालुकाही त्यात आला. आजी छत्तीस वर्षांच्या, घर एक वीतही हललेलं नाही!

पण जिल्हे पाडायचेच कशाला? मोठं कारण शेतसाऱ्याचं. निजामाच्या राज्यात पूर्वी सारावसुलीचा मक्ता देत. मक्तेदाराला आपला पैसा भरून काढायचा असे, मग तो शेतकऱ्याला पिळून काढी. दिवाण सालारजंग यांनी ही पद्धत मोडली, पगारी अधिकारी नेमले आणि 1865 मध्ये जिल्ह्यांची नवी घडी बसवली. जिल्ह्याचा मुख्य कोण? तालुकदार! आणि तालुक्याचा तहसीलदार, तो तर आजही आहे. सालारजंगांचं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

दूर युरोपात, बाल्कन भागात, तुर्कांच्या उस्मानी साम्राज्यातही प्रांताचे असेच भाग पाडलेले असत. त्यांना म्हणत सांजाक. नोवी पाझार हा त्यातलाच एक. 1912 च्या युद्धात तो तुर्कांच्या हातून गेला, सर्बिया आणि माँटेनिग्रोत वाटला गेला. तरी तिथले लोक त्या भागाला अजून सांजाकच म्हणतात!

आणि हे ऐका: शेवटच्या उस्मानी खलिफांची मुलगी दुर्रूशेहवार 1931 मध्ये निजामाची सून झाली. तेव्हा शहागडही निजामाच्याच राज्यात होतं.

तुमच्या घरी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असेल, तर त्यावर कोणता जिल्हा लिहिलाय ते बघा. मराठवाड्यातल्या घरात जमिनीचे जुने कागद निघाले, तर ते उर्दूतही असतील. वाचून दाखवणारं कुणी गावात आहे का, विचारा.