थारोळं शोधताना

मोटेवर शेती भिजवलेली माणसं माणदेशात आता थोडी उरलीत. इंजिन आलं, मग विजेचा पंप आला आणि मोटेबरोबर तिचे शब्दही मागे पडले. ते मी टिपून ठेवते. मोट ओढणारा जाड दोर म्हणजे नाडा, बैल खालीवर करतात ती उतरती वाट म्हणजे धाव, मोट रिकामी होते ते थारोळं आणि तिथून पिकाकडे निघणारा पाट. आटपाडीच्या बाजूला कुणाच्या ओट्यावर बसून गप्पा सुरू झाल्या, की मी या नोंदी मोबाइलवर गुगल कीपमध्ये करते. घरी पोचेपर्यंत त्या संगणकावरही आलेल्या असतात.

कीप 2013 च्या मार्चमध्ये आलं. त्यात कप्प्यात कप्पा अशी मांडणी नाही. नोंदीला लेबल लावा, रंग द्या, हाताशी हवी असेल तर पिन करून वर ठेवा. बाकी सगळा भार शोधावर. वही, वहीत विभाग, विभागात पानं अशी उतरंड ज्यांना लागते त्यांना वननोट बरं पडतं. साधन कुठलंही घ्या, नोंदी शेकड्यांनी वाढल्या की प्रश्न एकच उरतो: लिहिलेलं सापडणार कसं?

बहुतेक जण याचं उत्तर लेबलांत शोधतात. ‘शेती’, ‘जुनी शेती’, ‘पाणी’, ‘मोट’ अशी लेबलं तयार होतात आणि मग प्रत्येक नव्या नोंदीपाशी हात अडतो, हिला यातलं कुठलं लावू? माझ्या मते विषयाची लेबलं करूच नयेत. विषय नोंदीच्या मजकुरात असतोच, तो शोधून मिळतो. काम कुठवर आलंय हे मात्र मजकुरात नसतं. म्हणून माझी लेबलं कामाची आहेत: ‘विचारायचं’, ‘पडताळायचं’, ‘छापलं’. पुन्हा त्या गावाला जायचं ठरलं, की ‘विचारायचं’ उघडते आणि गावाचं नाव टाकते. कुणाकडे काय विचारायचं राहिलंय ते समोर येतं.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्याची खरी गाठ पडते ती सामान्यरूपाशी. एका आजोबांनी सांगितलं, “थारोळ्यात पाणी पडलं की आम्ही पोरं आंघोळीला पळायचो.” वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवावं असंच आहे. पण पुढे कधीतरी शोधखिडकीत ‘थारोळे’ टंकलं तर? त्या वाक्यात ‘थारोळे’ नाही, ‘थारोळं’ही नाही, आहे ते ‘थारोळ्यात’. तेच पाण्याचं. ‘पाणी’ शोधताना ‘पाण्याला’ हाती लागेलच असं नाही. ‘विहीर’ आणि ‘विहिरीवर’ यांच्यात तर दीर्घाचा ऱ्हस्व झालेला असतो. साधा शोध अक्षराला अक्षर जुळवतो. इंग्रजी शब्दाला बहुधा नुसतं शेपूट जोडलं जातं, आपल्या शब्दाचं धडच बदलतं. आकड्यांचंही तसंच. 1972 च्या दुष्काळाचा उल्लेख कधी देवनागरी अंकांत, कधी इंग्रजी अंकांत केलेला असेल, तर दोन्ही एकाच शोधात येतील हे गृहीत धरू नये.

यावर उपाय साधा आहे. बोललेलं वाक्य बदलायचं नाही, पण मथळ्यात शब्द मूळ रूपात लिहायचा. वरच्या नोंदीचा मथळा असा आहे: ‘थारोळे थारोळं मोट विहीर पाणी’. खाली आजोबांचं वाक्य. त्याखाली गाव, तालुका, सांगणाऱ्याचं अंदाजे वय, नोंदीची तारीख. मथळा वाचायला ओबडधोबड वाटतो, वाटू दे. तो उद्या शोधणाऱ्यासाठी आहे, आणि शोधणाऱ्याच्या तोंडी कुठला शब्द येईल याचा विचार लिहितानाच व्हायला हवा.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हा विचार फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा महाकोश करण्याचं काम तिथे 1948 मध्ये सु. मं. कत्रे यांनी सुरू केलं. सुमारे 1,500 ग्रंथांतून शब्द वेचून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तयार झाल्या. चिठ्ठीवर शब्द, तो जिथे आलाय ते वचन आणि ग्रंथातलं ठिकाण. संस्कृतात एकेका नामाची किती रूपं! तरी चिठ्ठ्या अकारविल्हे लावायच्या तर कुठल्याही रूपातल्या शब्दाला त्याच्या मूळ शब्दाखाली आणावंच लागतं. कोशाचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला. संगणक नसताना माणसांनी हाताने केलेलं हे काम मला थक्क करतं. आपल्या फोनमधल्या चार-पाचशे नोंदींना एकेक मथळा देण्याचा कंटाळा मग करवत नाही.

फोटो आणि आवाजाला तर मथळा हवाच हवा. पडक्या थारोळ्याचा फोटो नुसता टाकला तर तो शोधात यावा कसा? कीपमध्ये शोधखिडकीवर टिचकी मारली की फक्त चित्रांच्या किंवा फक्त याद्यांच्या नोंदी पाहता येतात, रंगावरूनही गाळता येतात. पण दगडी हौदांचे सगळे फोटो सारखेच दिसतात, गावाचं नाव लिहिलेलं असेल तरच उपयोग.

काम संपलेली नोंद मी पुसत नाही, अर्काइव्ह करते. ती समोरून हलते, पण शोधात येत राहते. कचरापेटीत टाकलेली मात्र सात दिवसांनी कायमची जाते. आणि सगळं एकाच कंपनीच्या भरवशावर ठेवू नये. एव्हरनोटने 2023 च्या डिसेंबरात फुकट वापरणाऱ्यांना 50 नोंदी आणि एकच वही अशी मर्यादा घातली. नियम असे मध्येच बदलतात. गुगल टेकआउटमधून कीपच्या सगळ्या नोंदी उतरवून घेता येतात. त्या एचटीएमएल फायली असतात, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतात, इंटरनेट नसलं तरी. पावसाळा संपून गावं फिरायला निघण्याआधी मी ती प्रत काढते आणि मोटेचे शब्द जमवणाऱ्या आणखी दोघांना पाठवते.