रीलवरचा सल्ला आणि आपला निकाहनामा

तलाक, मेहर (निकाहात नवऱ्याने पत्नीला द्यायची रक्कम), खुला हे विषय घरात काढायला मुले संकोचतात. मग त्यांची पहिली माहिती मोबाइलवरूनच येते. त्यात वाईट काही नाही. पण आपण खुल्यावरचा, म्हणजे पत्नीने मागितलेल्या काडीमोडावरचा, एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की अल्गोरिदम (पुढे काय दाखवायचे हे ठरवणारी संगणकीय पद्धत) तसेच आणखी दाखवतो. दहा जण तेच सांगतात, म्हणून ते खरे वाटू लागते.

आधी बोलणारा कोणत्या देशातला आहे ते पाहा. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. पाकिस्तानात 1961 च्या अध्यादेशानुसार तलाकची नोटीस युनियन कौन्सिलच्या अध्यक्षाला द्यावी लागते. भारतात तशी तरतूदच नाही. इथे एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये रद्द ठरवला. 2019 च्या कायद्याने तो गुन्हा झाला, मग तो तोंडी असो की व्हॉट्सॲपवर.

मग फिक्ह, म्हणजे धर्मनियमांची परंपरा, कोणती ते विचारा. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत, तर व्हिडिओतले मुफ्ती पुष्कळदा हनफी असतात. हनफी मतानुसार सज्ञान मुलगी वलीशिवाय, म्हणजे वडील किंवा तशा पालकाशिवाय, निकाह करू शकते. शाफई मतात वली लागतो. रत्नागिरीच्या मुलीने दुसऱ्या परंपरेचे उत्तर आपले समजले, तर घोटाळा ठरलेला.

फतवा हे मुफ्तीचे मत असते. ते कायद्याने कुणावर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले.

दोन चुकीचे सल्ले मात्र फार नुकसान करतात. नवरा खुल्याला तयार नसेल तर सुटकाच नाही, हा पहिला. 1939 च्या कायद्याखाली पत्नी थेट न्यायालयात जाऊ शकते. नवऱ्याने दोन वर्षे खर्च दिला नाही, चार वर्षे त्याचा ठावठिकाणा नाही किंवा तो छळ करतो, ही त्यातली काही कारणे. त्याची संमती लागत नाही. इद्दत, म्हणजे तलाकनंतरचा प्रतीक्षाकाळ, संपली की पोटगीचा हक्क संपतो, हा दुसरा. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला इद्दतनंतरही पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये पुन्हा सांगितले.

म्हणून काही ठरवण्यापूर्वी निकाहनामा, म्हणजे लग्नाचा करार, हाती घ्या, त्यातली मेहर आणि अटी वाचा, आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नसते. दूरध्वनी 15100.