मुरूम, बरड, काळी : एकाच खडकाची लेकरं

लोणी भापकरच्या मल्लिकार्जुन मंदिराचा काळा दगड आणि गावाबाहेरच्या माळावरचा मुरूम एकाच कुळातले. दोन्ही बेसॉल्ट, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला आणि थंड झालेला लाव्हा. मंदिरावरचं कोरीव काम काही शतकांनंतरही वाचता येतं, कारण उघडा दगड पावसानंतर लवकर वाळतो. जमिनीखालचा दगड मात्र ओल धरून राहतो. ते पाणी आणि मुळांतून सुटणारी आम्लं त्याला पोखरतात. आधी मुरूम होतो, मग माती. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, आणि बांध नसलेल्या उतारावरून ती काही वळवांत निघून जाते.

कऱ्हा आणि नीरेच्या मधल्या या पट्ट्यात म्हणूनच दोनशे पावलांत जमीन बदलते. उंचवट्यावर वीतभर मातीची बरड, सखल भागात वाहून साचलेली खोल काळी. काळीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून भेगा पडतात. रंग काळा म्हणजे सेंद्रिय कर्ब भरपूर, हा समज मात्र सोडलेला बरा. अशा कित्येक जमिनींत तो एक टक्काही नसतो.

पाऊस कमी असल्याने चुना धुऊन जात नाही, खाली खड्यांच्या रूपात साचतो. ही चुनखड. तिच्यामुळे लोह जमिनीत असूनही पिकाला मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. शेतकरी त्याला केवडा म्हणतात. तिथे युरियाची आणखी एक गोणी टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

खरा धोका पाणी आल्यावर. नीरा डाव्या कालव्याला पाणी आलं १८८५ मध्ये, ऊस आला आणि निचरा नसलेल्या काळ्या जमिनी हळूहळू बिघडल्या. वर पांढरा क्षार फुटला तर खारवट. मातीत सोडियम वाढून कण विस्कटले, भोकं बुजली आणि पाणी वरच तुंबलं तर चोपण. खारवट जमीन चर काढून, गोड्या पाण्याने धुता येते. चोपणीत आधी सोडियम हटवावा लागतो, त्यासाठी जिप्सम किंवा चुनखडीच्या जमिनीत गंधक. खर्च आणि वर्षं दोन्ही जास्त.

बरडीचं दुखणं उलटं, तिथे पाणी थांबतच नाही. जवळच माळेगाव खुर्दला २००९ मध्ये सुरू झालेली अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था अशाच खडकाळ माळावर उभी आहे. तिथे खडक फोडून फळझाडं लावण्याचे प्रयोग झाले.

डाळिंब किंवा ऊस ठरवण्याआधी तीन फूट खड्डा घ्यावा. मुरूम कुठे लागतो, चुनखड किती आहे, हे तिथेच दिसतं. खड्ड्यात पाणी भरून दुसऱ्या दिवशी पाहावं. ते तसंच उभं असेल, तर आधी चराचा खर्च मांडावा, रोपांचा नंतर.