काटा, कॅलिपर आणि अंटार्क्टिका

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. शाळेत हे घोकलंत, मार्क मिळाले, विषय संपला. ध्रुवावर मात्र कडाक्याच्या थंडीत माणसं आजही हेच गणित करत बसतात.

ड्रिलने काढलेला बर्फाचा लांब दंडगोल म्हणजे आइस कोअर. समजा, त्याचा 10 सेंमी व्यासाचा, 50 सेंमी लांबीचा तुकडा घेतला. पृष्ठभागाजवळचा असेल तर काट्यावर सव्वा ते दीड किलो भरेल. खूप खोलवरचा असेल तर साडेतीन किलो! वरचं हिम भुसभुशीत असतं, खाली जाल तसं दाबलं जातं. या मधल्या अवस्थेला ‘फर्न’ म्हणतात (कुंडीतलं नव्हे). घनता घनमीटरला 830 किलोच्या आसपास गेली की फटी बंद होतात आणि हवा बुडबुड्यांत कोंडते. निखळ बर्फाची घनता 917.

सगळी गंमत त्या 830 मध्ये आहे. तोवर आत हवा खेळती असते, त्यामुळे बुडबुड्यातली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा वयाने लहान. बर्फ कमी पडतो तिथे हा फरक हजारो वर्षांचा. तो नीट काढला नाही, तर पूर्वी आधी तापमान वाढलं की कार्बन डायऑक्साइड, हेच उलटंपालटं होईल. आणि कॅलिपर व्यासात फक्त 1 मिमी चुकला, तरी आकारमान 2 टक्क्यांनी चुकतं. 830 चे 813 होतात. त्यात कोअरच्या कडा तुटक्या!

म्हणून काही जण कोअरमधून गॅमा किरण सोडतात. पलीकडे किती पोचले त्यावरून घनता कळते. न्यूट्रॉन प्रोब तर थेट भोकातच उतरवतात. पण किरणोत्सारी स्रोत न्यायचा तर परवानग्या आल्याच, आणि थंडीत बॅटरी मान टाकते. साधा काटा अजून टिकून आहे तो उगाच नाही.

उपग्रहालाही हा आकडा लागतो. त्याला फक्त उंची दिसते. बर्फ मीटरभर खचला, पण तो 350 घनतेचा की 917 चा? समुद्रात जाणारं पाणी अडीचपटीहून जास्त बदलतं. हिम नुसतं दबलं असेल, तर पाणी शून्य.

आपल्याकडे वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात कोअर शीतगृहात ठेवतात. पण वरचे ठिसूळ तुकडे गोव्यापर्यंत धड पोचतीलच असं नाही. त्यामुळे वजन करायचं ते तिथेच, भोकाशेजारी. नोंद पेन्सिलने, पेनातली शाई गोठते.