पत्र येतं, पण मावशी जात नाही

स्विंडनमध्ये आपल्या गोव्याची माणसं किती आहेत, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या कुटुंबांतल्या कितीतरी बायका आता पन्नाशीच्या पुढे आहेत. अशा वयात तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, म्हणजे एनएचएसचं, पत्र घरी येतं: स्तनांची तपासणी करून घ्या. माझ्या मावशीलाही आलं. ती म्हणाली, “मला काही होतच नाही, मग कशाला जाऊ?”

आपण साहित्य मंडळवाले, म्हणून आधी शब्दाकडे बघू. मराठीत ‘तपासणी’ म्हटलं की दुखणं आधी आणि तपासणी नंतर, असाच क्रम डोक्यात येतो. स्क्रीनिंग मात्र काही न होणाऱ्या बाईसाठीच असतं. हाताला गाठ लागण्याआधी ती एक्स-रेत दिसावी, हा हेतू. म्हणजे मावशीचं ‘काही होत नाही’ हेच खरं तर जाण्याचं कारण! त्यात ‘स्तन’ हा शब्द आपण पुस्तकात वाचतो, घरात उच्चारत नाही. इंग्रजी पत्र बहुधा मुलगा वाचून दाखवतो. तो आईशी हा विषय काढणार कसा?

ब्रिटनमध्ये ही योजना १९८८ पासून चालू आहे. फॅमिली डॉक्टरकडे नाव असलेल्या बाईला ५० ते ७१व्या वाढदिवसापर्यंत दर तीन वर्षांनी बोलावणं येतं. पहिलं ५३ व्या वर्षाच्या आत. पैसे पडत नाहीत. मॅमोग्राममध्ये स्तन दोन पट्ट्यांमध्ये क्षणभर दाबून फोटो काढतात. थोडं दुखतं, ते लपवू नये. फोटो काढणाऱ्या सगळ्या बायकाच असतात, आणि हे आपल्या बायकांना आधी कुणी सांगतच नाही.

तरीही दक्षिण आशियाई बायका तिथल्या गोऱ्या बायकांपेक्षा कमी जातात. मग काय करावं? ओल्डहॅममध्ये घरोघरी माणसं पाठवून पाहिली, फारसा फरक पडला नाही. लंडनच्या न्यूहॅम भागात मात्र वेगळं घडलं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, न आलेल्या बायकांशी डॉक्टरच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या माणसांनी थोडं प्रशिक्षण घेऊन संपर्क साधला. एकूण हजेरी ४ टक्क्यांवरून ९ टक्के झाली. भारतीय बायकांत ५ च्या जागी १९ टक्के. आकडे लहान आहेत, पण या सगळ्या एकदा पत्र बाजूला ठेवलेल्या बायका होत्या. मला वाटतं, अनोळखी माणसाच्या भाषणापेक्षा रोजच्या काउंटरवरचा ओळखीचा आवाज जास्त ऐकला जातो.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. शंभर बायकांत साधारण चौघींना पुन्हा बोलावतात आणि त्या चौघींत एकीला कॅन्सर निघतो. बाकी तिघींना काही दिवस विनाकारण घोर लागतो. शिवाय कधीच त्रास न देणारा कॅन्सरही सापडतो आणि त्यावर उपचार होतात. २०१२ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने हिशेब मांडला: एक मृत्यू टळतो, त्यामागे अशा सुमारे तीन बायका. म्हणून मावशीला ‘जायलाच पाहिजे’ असं दरडावू नये. हे सगळं तिच्या भाषेत सांगावं आणि ठरवू तिलाच द्यावं.

मी तिला फोनवर एवढंच सांगितलं: पत्रावरच्या नंबरवर वेळ बदलून मिळते, दुभाष्या हवा असेल तर आधी सांग. आणि मध्येच कधी गाठ जाणवली, तर पुढच्या पत्राची वाट न बघता सरळ डॉक्टरकडे जा.